भट्टी वाढवायची

आमच्याबद्दल लोकांचे दोन समज असतात. काहींना वाटतं आम्ही ड्रायव्हर, काहींना वाटतं आम्ही डॉक्टर. दोन्ही चूक. मी प्रांजली देवकुळे, विट्याच्या ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक. गाडी रज्जाकभाई मुजावर चालवतात आणि डॉक्टर असतात जिल्ह्याला, स्क्रीनच्या पलीकडे, एका वेळी तीन-चार गाड्यांकडे बघत. मधलं जे काही उरतं ते सगळं माझं. श्वास चालू ठेवायचा, रक्त थांबवायचं, हाड हलू द्यायचं नाही, नातेवाइकांना दोन पावलं मागं सारायचं आणि या सगळ्यात स्वतःचं डोकं शांत ठेवायचं. हे शेवटचं मला सगळ्यात जड जातं. माझ्या सासूबाई म्हणतात, हिच्या डोक्यावर पापड ठेवला तर भाजून निघेल.

सेतू आल्यापासून त्यात आणखी एक काम आलं, ते म्हणजे विचारण्याचं.

सेतू म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. हृदय थांबलं म्हणून माणूस त्या क्षणाला मरत नाही. मेंदूला रक्त मिळेनासं होतं म्हणून थोड्या वेळाने मरतो. तेवढ्या वेळात मांडीच्या वरच्या शिरेत एक नळी घालायची, काळपट रक्त बाहेर ओढायचं, पातळ पडद्यांमधून फिरवून त्यात ऑक्सिजन भरायचा आणि दुसऱ्या नळीने धमनीत परत सोडायचं. हृदय आणि फुप्फुसं, दोघांची रजा मंजूर. पूर्वी असलं यंत्र फक्त मोठ्या हॉस्पिटलात असायचं, कपाटाएवढं, आणि ते लावायला डॉक्टरांची फौज लागायची. आता ते पिठाच्या डब्याएवढं झालंय. शीर कुठे आहे ते त्याचं त्याला दिसतं, सुई तेच नेमकी नेतं. मी फक्त जागा साफ करायची, डबा टेकवायचा आणि हात स्थिर ठेवायचा.

मग हॉस्पिटलात हृदयाची दुरुस्ती करतात. झाली तर माणूस चालत घरी. नाही झाली तर माणूस सेतूवरच राहतो, आणि इथेच खरी भानगड आहे. मेला म्हणावं तर अंग गरम, जिवंत म्हणावं तर डोळा उघडत नाही. काढायचं म्हटलं तर डॉक्टरांचं मंडळ बसतं, मंडळात एकमत होत नाही, झालं तर कुणीतरी पुतण्या कोर्टात जातो. जिल्ह्याच्या हॉस्पिटलामागे अशा माणसांसाठी वेगळी इमारत बांधलीय. दर रविवारी तिच्यासमोर गावागावच्या गाड्या लागतात. बायका आत जाऊन नवऱ्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसतात आणि संध्याकाळच्या एसटीने परत येतात. अशी वर्षं गेलीत लोकांची.

म्हणून कायदा आला. प्रत्येकाने शुद्धीत असताना, जवळचं कुणी खोलीत नसताना, आपल्या आवाजात इच्छा नोंदवून ठेवायची. वेळ आली की आम्ही रोग्याचा अंगठा डब्याला लावायचा. डबा ती नोंद सगळ्यांना ऐकू येईल अशी वाजवतो, तिचा अर्थ लावतो आणि होकार किंवा नकार दाखवतो. होकार असला तर नळ्यांचा कप्पा उघडतो, नकार असला तर उघडत नाही. फक्त एक पळवाट ठेवलीय. पॅरामेडिकने मोठ्याने ‘शंका’ म्हणून कारण सांगितलं, तर कप्पा उघडतो, पण नंतर चौकशी लागते. शंका खोटी ठरली तर लायसन्स जातं. नको म्हणणाऱ्या माणसाला सेतूवर टाकणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा असं माझं स्वतःचं मत आहे.

आता आपली माणसं इच्छा कशी बोलतात? मरणाचं नाव तोंडाने घेतील तर शपथ! लेंगऱ्याकडच्या एका आजींनी नोंदवलं होतं, ‘येळ झाली की दिवा वाढवा रे बाबांनो.’ डब्याने अर्थ लावला, दिवा मोठा करा. होकार. दुसऱ्या गाडीवरच्या पोरांनी नियमाप्रमाणे जोडलं, आणि आजी त्या मागच्या इमारतीत जाऊन पडल्या.

मी बैठकीत भांडले. डब्याला भाषा शिकवणारी पोरं बेंगळुरूहून आली होती, बिचारी हुशार होती, पण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, ‘अहो, आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकू संपत नाही, वाढतं. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, तेही वाढवतात. अभद्र बोलायला नको म्हणून सगळं उलटं.’ ती पोरं तोंडाकडे बघत राहिली. मग मीच त्यांना सांगितलं, दिवा, चूल, शेगडी, भट्टी, दुकान, जे जे पेटतं नाहीतर उघडतं, ते वाढवायचं म्हणजे बंद करायचं. तसं डब्याला शिकवलं गेलं. माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. नारळाची सासूबाईंनी बर्फी केली.

त्यानंतर सुळेवाडीचा कॉल आला.

सुळेवाडी हे गलाईवाल्यांचं गाव. आमच्या खानापूर भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी गाळायला देशभर जातात. कुणी मदुराईला, कुणी कोलकात्याला. जुने दागिने मुशीत घालून वितळवायचे, त्यातलं खरं सोनं वेगळं काढून द्यायचं, हा धंदा. त्यामुळे गावात बंगले मोठे आणि निम्म्यांना कुलपं. विश्वनाथ सूर्यवंशी, गावाचे तात्या, आयुष्यभर कोइमतूरला भट्टी चालवून बायकोसह गावी परतले होते. दुकान मुलाकडे दिलं होतं. सकाळचं ऊन अंगणात आल्यावर ते भुईमुगाच्या शेंगा पसरत होते, तिथेच कोसळले.

आम्ही पोचलो तेव्हा शेजारचे दूधवाले त्यांची छाती दाबत होते, आणि चांगली दाबत होते. आमच्याच शिबिरात शिकलेले. मी त्यांना बाजूला केलं, रज्जाकभाईंनी छाती दाबायला घेतली, मी शॉकची पॅडं चिकटवली. शॉक दिला, पुन्हा दिला, औषध दिलं. हृदय नुसतं थरथरत होतं, ठोका धरत नव्हतं. स्क्रीनवरचे डॉक्टर म्हणाले, ‘वेळ घालवू नका, सेतू घ्या. इच्छा तपासा.’

तात्यांची बायको शालनकाकू उंबऱ्याशी उभ्या होत्या. आरडाओरडा नाही, काही नाही. पदर तोंडात धरलेला. मी तात्यांचा अंगठा डब्याला लावला आणि डब्यातून त्यांचा आवाज आला. अंगणात पडलेल्या माणसाचा आवाज असा खणखणीत ऐकायची मला अजून सवय झालेली नाही.

‘मी विश्वनाथ सूर्यवंशी. शुद्धीत बोलतोय. आमचा धंदा गलाईचा, तवा आमच्या भाषेत सांगतो. येळ आली की भट्टी वाढवायची. बास.’

डब्यावर नकार उमटला.

खरं सांगते, मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर बरं झालं आपण ते शिकवलं. नाहीतर आज याही माणसाला जोडून मोकळे झालो असतो. मी काकूंकडे वळले. हे सांगणं माझंच काम.

‘काकू, त्यांनी नको म्हणून सांगून ठेवलंय. आम्ही छाती दाबणं चालू ठेवू, औषधं देऊ, पण यंत्राला जोडता येणार नाही.’

‘कोण म्हणालं नको?’

‘तात्याच म्हणाले. ऐकलंत ना आत्ता? भट्टी वाढवायची.’

त्यांनी पदर सोडला आणि सरळ शेंगांवरून चालत माझ्याकडे आल्या.

‘बाई, तुम्ही गलाई केलीया का कधी?’

‘नाही.’

‘मग? भट्टी वाढवायची म्हंजे हवा मारायची. जाळ मोठा करायचा. सोनं लवकर पाणी होईना झालं की हे मला म्हणायचे, शालन, भट्टी वाढव. मी बटन फिरवायची आन हवा सोडायची. जल्म गेला माझा त्या भट्टीपाशी! इझवायचं कुठनं आणलं तुम्ही?’

रज्जाकभाई छाती दाबत दाबतच म्हणाले, ‘मॅडम, जे काय करायचं ते लवकर.’

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. पण माझ्या जागी येऊन बघा. डबा म्हणतोय नकार, आणि तो मी शिकवलेलाच अर्थ बोलतोय. समोर एक बाई म्हणतेय होकार, आणि तिचा नवरा तिच्या डोळ्यांदेखत जातोय. ती खरं बोलतेय का? कुणाला ठाऊक! धंद्याचे शब्द वेगळे असतात हे खरं आहे. सुताराची भाषा मला कळत नाही, तशी गलाईवाल्याचीही कळत नाही. आणि न जोडता तात्या गेले, आणि उद्या कळलं की बाई बरोबर बोलत होती, तर ते परत कसं आणायचं? जोडलेलं निदान काढता तरी येतं, मग मंडळ बसू दे नाहीतर कोर्ट.

‘शंका,’ मी मोठ्याने म्हणाले. ‘नोंदीतल्या शब्दाच्या अर्थाबद्दल शंका. पत्नीच्या सांगण्यावरून.’

कप्पा उघडला. पुढचं हातांनी केलं, डोक्याला विचारलं नाही. एका नळीतून काळं रक्त निघालं, डब्यातून फिरलं आणि दुसऱ्या नळीत लाल होऊन शिरलं. तात्यांच्या ओठांवरचा जांभळेपणा ओसरायला लागला. रज्जाकभाईंनी हात थांबवले आणि खांदे चोळले. दूधवाल्यांनी हात जोडले. शालनकाकू खाली वाकून तात्यांच्या अंगाखालच्या शेंगा वेचून बाजूला करत होत्या, टोचतील म्हणून.

गाडीत त्या तात्यांचं पाऊल हातात धरून बसल्या. सगळ्या वाटेत माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. अशा वेळी माणसं वाटेल तशी वागतात.

हॉस्पिटलात तात्यांच्या हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली. काही दिवसांत हृदयाने स्वतःहून ठोका धरला आणि सेतू काढला. असं दर वेळी होत नाही. इथे झालं. गावाने आमच्या गाडीला हार घातला. रज्जाकभाईंनी तो काढू दिला नाही, झेंडू सुकून गळेपर्यंत गाडी लग्नाची वरात असल्यासारखी फिरत होती.

आणि मला चौकशीचा फोन आला.

चौकशी अधिकारी डॉक्टर अनघा ठकार, बोलायला मऊ आणि कामाला चोख. म्हणाल्या, ‘प्रांजली, तुमच्यावर माझा राग नाही. पण डब्याला हा अर्थ तुम्हीच शिकवला आणि तुम्हीच तो मोडला, म्हणजे विचारावं तर लागेल. मी गलाईच्या धंद्यातल्या माणसांना फोन केले. एक म्हणतो बंद करणं, एक म्हणतो जाळ वाढवणं, एक म्हणतो आम्ही आता गॅस म्हणतो. सूर्यवंशींना नीट बोलता यायला लागलं की त्यांनाच विचारू. त्यांचा शब्द, त्यांचाच अर्थ.’

मला ते पटलं. उलट बरंच वाटलं. काकू बोलल्यात ते खरंच असणार, असं मी स्वतःला सांगत होते.

मग एके दिवशी ड्युटी संपवून आम्ही स्टँडवर चहा प्यायला थांबलो. रज्जाकभाईंच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ भेटले. सुळेवाडीच्याच शेजारच्या वाडीचे, गलाईवाले. रज्जाकभाईंनी सहज विचारलं, ‘काय काका, मदुराई सोडली म्हणे?’

‘सोडली की. पोरं म्हणाली, बास झालं. मग भट्टी वाढवली आन आलो गावाला.’

मी कप खाली ठेवला. मी काही विचारलं नव्हतं, त्यांना काही माहीत नव्हतं. सहज बोलून गेले, आपण ‘दुकान वाढवलं’ म्हणतो तसं.

‘मॅडम, चहा निवतोय,’ रज्जाकभाई म्हणाले. त्यांनीही ऐकलं होतं.

‘भाई, ती बाई खोटं बोलली.’

‘आपल्याला काय म्हाईत. कोइमतूरचं येगळं आसंल.’

‘नसेल.’

‘नसंल तर नसंल,’ ते म्हणाले. ‘माणूस वाचला का न्हाई?’

‘वाचायचं नव्हतं त्याला! त्याने सांगून ठेवलं होतं!’ मी एवढ्याने ओरडले की चहावाला दचकला. म्हातारे काका कावरेबावरे झाले, आपण काय चुकीचं बोललो म्हणून. मग त्यांना दुसरा चहा पाजून गप्प केलं.

मला राग आला होता. भयंकर राग. इतकी वर्षं लोकांच्या घरात शिरून, शिव्या खाऊन, ओकाऱ्या पुसून हे काम केलं, आणि एका बाईने पदर सोडून दोन वाक्यं टाकली नि माझं लायसन्स टांगणीला लावलं. वरून तात्यांना काय तोंड दाखवायचं? त्यांनी सरकारवर, डब्यावर, माझ्यावर विश्वास ठेवून सांगून ठेवलेलं, आणि मी ते ऐकूनही उलटं केलं.

घरी गेले तर निनाद, म्हणजे माझा नवरा, पोह्यांसाठी कांदा चिरत होता. बँकेतून आला की तो संध्याकाळचं खाणं करतो. मी त्याला सगळं सांगितलं. मग विचारलं, ‘समजा मी नको म्हणून नोंदवलं असेल, आणि मी अशी पडले, आणि तू समोर आहेस. तर काय करशील?’

‘तू काय नोंदवलंयस?’

‘ते सांगायचं नसतं. तू काय करशील ते सांग.’

त्याने कांदा चिरणं थांबवलं नाही. ‘खोटं बोलेन,’ म्हणाला.

‘मला नको असलं तरी?’

‘तेव्हा मला तुला काय हवंय ते आठवणार आहे का, प्रांजली? मला दिसेल तू खाली पडलीयस. जे तोंडात येईल ते बोलेन. तुला भांडायचं असेल तर उठून भांड.’

मी त्याला मूर्ख म्हणाले आणि पोहे न खाता झोपायला गेले. झोप काही आली नाही. काकूंवरचा राग मात्र थोडा उतरला होता. त्याची जागा भीतीने घेतली होती.

तात्यांना आयसीयूतून खोलीत आणल्यावर डॉक्टर ठकारांनी मला बोलावून घेतलं. दुपारची वेळ होती. तात्या उशीला टेकून बसले होते, गालफडं बसलेली, पण डोळे अगदी जागे. शालनकाकू पायाशी स्टुलावर होत्या आणि एक टॉवेल घडी करत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घडी करत होत्या.

डॉक्टर ठकारांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. ‘तात्या, तुमच्या नोंदीत तुम्ही म्हणालात, वेळ आली की भट्टी वाढवायची. याचा अर्थ काय?’

‘कशापायी इचारताय?’

‘चौकशी आहे. यंत्राने याचा अर्थ नकार लावला होता. तरी या देवकुळेबाईंनी तुम्हाला जोडलं.’

‘मग त्यास्नी काय व्हईल?’

‘अर्थ बंद करणं असा असेल तर त्यांचं लायसन्स जाईल. मोठं करणं असा असेल तर काही होणार नाही. पण तुम्ही खरं तेच सांगा.’

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही, पण ‘सांगा’ असंही म्हणू शकले नाही. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंचा टॉवेल थांबला होता.

‘हिला इचारलं व्हतं का कुणी?’

‘त्यांची साक्ष झालीय. त्या काय म्हणाल्या ते मला सांगता येणार नाही. तुम्ही सांगा.’

‘मी जिता हाय, म्हंजे ही काय म्हणाली आसंल ते कळतंय की,’ तात्या म्हणाले. त्यांना धाप लागली. थोडं थांबले. ‘तिनं सांगितलं तेच. हवा मारायची. जाळ मोठा करायचा. लिहून घ्या.’

‘नक्की?’

‘भट्टी माझी. शब्द माझा. तुमाला काय शंका?’

डॉक्टर ठकारांनी रेकॉर्डिंग बंद केलं. त्यांच्या मनात काय होतं ते चेहऱ्यावर आलं नाही. ‘चौकशी संपली,’ म्हणाल्या. ‘पण जुनी नोंद आता बाद. नवी करावी लागेल, आणि या वेळी भट्टी नको, दिवा नको. होकार किंवा नकार, साधा एक शब्द. घरचं माणूस खोलीत चालणार नाही.’

‘ह्या बाईच ऱ्हाऊ देत,’ तात्या माझ्याकडे बोट करून म्हणाले.

काकू उठल्या. टॉवेल कॉटच्या दांडीवर टाकला, थर्मास उचलला. ‘मी चहा घेऊन येते,’ म्हणाल्या आणि दारातून एकदा मागे वळून गेल्या. डॉक्टर ठकारही सहीच्या कामाला गेल्या. दार लागलं.

‘खोटं बोलली ती,’ तात्या म्हणाले.

‘मला माहिती आहे.’

‘जल्मात कधी खोटं बोलली न्हाई. बोलली तर येकदम येवढं मोठं!’ ते हसायला गेले आणि छातीला हात लावून थांबले. फासळ्या दुखत होत्या. आमच्याच दाबण्याने दुखत होत्या.

मला हसू आलं नाही. ‘तात्या, तुम्ही नको म्हणाला होता. मी तरी जोडलं. मला माफ करा.’

‘तुम्ही काय करणार? तिच्या तोंडापुढं मी कोइमतूरात बी कधी टिकलो न्हाई.’ त्यांनी खिडकीकडे मान केली. खिडकीतून मागची इमारत दिसत होती. ‘माझा थोरला भाऊ हाय तिथं. चौथ्या मजल्यावर. दर ऐतवारी आम्ही दोघं यायचो. वहिनी त्याला आंघोळ घालायची, केस इंचरायची, गावातलं सगळं सांगायची. तो कशाला हूं म्हणंल? येकदा परत जाताना वहिनी एसटीत हिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. त्याच आठवड्यात मी नोंद केली. हिचं तसं व्हायला नको.’

‘पण या वेळी तुम्ही बरे झालात.’

‘ह्या बारीला झालो. ते देवाचं आन तुमचं. पुढच्या बारीचं काय?’

पुढच्या वेळी काय होईल हे सांगणारं यंत्र अजून कुणी केलेलं नाही. मी डॉक्टर ठकारांनी ठेवून गेलेला नोंदीचा डबा जवळ घेतला आणि नियमाचा प्रश्न विचारला. तात्यांनी अंगठा टेकवला, घसा साफ केला आणि बोलले.

‘नकार.’

अगदी स्पष्ट, कुणाला दुसरं काही ऐकूच येऊ नये असा. मग डबा बंद झाल्यावर म्हणाले, ‘हा शब्द तिच्याम्होरं म्हणवत न्हाई मला. पयल्यांदा बी म्हणवला न्हाई. खोलीत कुणी नव्हतं, तरी म्हणवला न्हाई, म्हणून ते भट्टीचं काढलं. आन तेवढ्यात तिनं डाव साधला.’

‘तात्या, पुन्हा तसं झालं तर काकू पुन्हा काहीतरी बोलतील.’

‘बोलंल की. सोडती व्हय ती. म्हणून सांगतो, पुढच्या बारीला तुम्हीच या. दुसरं कुणी नको. कप्पा उघडू नका. तिला हाताला धरून माझ्याजवळ बसवा आन मग तुमचं तुम्ही मागं सरका. येवढं कराल का?’

आम्हाला कॉल निवडता येत नाहीत. ज्या गाडीचा नंबर लागेल ती जाते. हे मला त्यांना सांगता आलं असतं. पण डोळे भरून आले आणि ते सांगायचं राहून गेलं.

‘येईन,’ मी म्हणाले.

काकू चहा घेऊन आल्या. तात्यांना बशीत ओतून, फुंकर घालून दिला. मला स्टीलच्या पेल्यात दिला आणि मी निघाले तशा माझ्याबरोबर व्हरांड्यापर्यंत आल्या. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

‘काय म्हणाले वो?’

‘ते सांगता येत नाही, काकू. कायदा आहे.’

त्यांनी मान हलवली. समजलं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग माझा मोकळा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. त्यांचे तळवे भट्टीच्या जुन्या चटक्यांनी खडबडीत झाले होते.

‘बाई, तुमचं उपकार हैत. येक ऐका माझं,’ त्या म्हणाल्या. ‘पुन्हा कधी असं झालं, तर तुम्हीच या. दुसरं कुणी माझं ऐकायचं न्हाई.’

आतून तात्या खोकले. काकूंनी दाराकडे पाहिलं, पण माझा हात सोडला नाही. उत्तर घेतल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या.

‘येईन, काकू,’ मी म्हणाले.